चक्रावरील कळा

बंगळूरच्या व्हाइटफील्डमधील होप फार्म चौकाच्या गर्दीतून मोटार नेणाऱ्या चालकास रेडिओचा आवाज कमी करण्यापुरतीही नजर वळविणे परवडत नाही. मोकळ्या रस्त्यावर तर ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. म्हणून अशा कळा स्टिअरिंगच्या चक्रावर, अंगठ्याखाली आल्या. (त्या फार झाल्या, की डोळे पुन्हा चक्राकडेच वळतात!) परंतु फिरत्या चक्रात वीज न्यावी कशी? साध्या तारा पीळ बसून तुटतील. त्यासाठी घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली चपटी वाहक पट्टी चक्रामागे बसवितात. चक्र एकीकडे फिरले की ती आवळते, दुसरीकडे फिरले की सैलावते. अपघातात चालकापुढील एअरबॅग फुगविणारा विद्युत्-संकेतही तिच्यातूनच जातो. पट्टी तुटली, तर कळांबरोबर तेही संरक्षण जाते.