पंगतीच्या भांड्यांना पाणी किती?

सभासद बंधू-भगिनींनो, उसाला पाटपाणी की ठिबक, यावर शिवारफेरीत आम्ही आपणांशी पुष्कळ वाद घातला आहे. पण पाणी काही शेतातच वाया जाते असे नाही. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते. वाशीम-रिसोडकडच्या विहिरी तेव्हा तळ गाठतात, आणि मंगल कार्यालयांच्या मागे नळ सोडून भांडी घासणे चालू असते. पळसाच्या पत्रावळी होत्या तोवर हा प्रश्नच नव्हता.

हिशेब करून पाहू. नळ मिनिटाला 10 लिटर सोडतो आणि एका ताटाला अर्धा मिनिट लागतो असे धरले, तर ताटामागे 5 लिटर गेले. 500 पानांच्या पंगतीला 2500 लिटर. आचाऱ्याची पातेली वेगळीच!

"साहेब, मोठ्या शहरातल्या हरित इमारतींत भांडे धुवायची मशीन असते म्हणतात, मग आपल्या कॅन्टीनला काहून नाही?" असे काही सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. या यंत्रात टाकीतले साबणाचे पाणी पंप पुन्हा पुन्हा फवारतो. शेवटी सुमारे 82 अंशांचे ताजे पाणी ताटांवर मारतात. तेच टाकीत पडून पुढच्या ट्रेला कामी येते. चांगल्या यंत्राला ट्रेमागे 3-4 लिटर ताजे पाणी पुरते. ट्रेत 10 ताटे धरली, तर 500 ताटांना 200 लिटर. टाकी भरण्याचे व आधी विसळण्याचे पाणी मिळवले तरी बचत मोठीच.

मात्र पाणी वाचले तरी वीज लागते. 4 लिटर पाणी 25 वरून 82 अंशांवर न्यायला सुमारे पाव युनिट. 50 ट्रेना 12-13 युनिट, पंपाची वीज निराळी. ट्रेत दोनच ताटे ठेवली तरी खर्च तेवढाच. शिवाय बोअरच्या क्षारी पाण्याने हीटरवर थर बसतो. ज्यांचे ड्रिपर तुंबले आहेत त्यांना हे सांगायला नको.

म्हणून आमचे मत असे, की आधी यंत्र नको. खरकटे कोरडेच खरडून खताच्या खड्ड्यात टाकावे आणि दाबले तरच चालणारा फवारा नळाला बसवावा. अमेरिकेने 2005 च्या कायद्याने अशा फवाऱ्यांना मिनिटाला सुमारे 6 लिटरची मर्यादा घातली. एवढ्यानेही पुष्कळ पाणी वाचते, आणि खर्च किरकोळ.

यंत्र घ्यायचेच झाले तर उष्णता फुकटची शोधावी. शिर्डीच्या प्रसादालयात 2009 साली 73 सौर परावर्तक बसवून त्यांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू केला. आपल्याकडे गळीत हंगामात रस आटवताना गरम पाणी निघते. उसात सुमारे 70 टक्के पाणीच असते. त्याच्या उष्णतेवर कॉइलमधून स्वच्छ पाणी तापवता येईल. लग्नसराईत मात्र कारखाना बंद, तेव्हा सोलर हीटरच.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी भांडी घासण्याआधी व नंतर टाकीतली पातळी काठीने मोजून आकडा ऊस विकास विभागाकडे कळवावा. किती पाने उठली तेही लिहावे.