‘तेच’ आणि ‘तसंच’ : इन्सुलिनच्या पर्यायाचा प्रश्न

चिठ्ठीवर ‘लॅन्टस’ लिहिलेलं असतं, महिन्याचा खर्च झेपत नसतो, आणि आपण दुकानात विचारतो, ‘यातलंच जेनेरिक आहे का?’ या वाक्यातला ‘च’ आज आपल्याला तपासायचा आहे. खर्चापायी लोक डोस वाचवतात, एक दिवसाआड घेतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर हे थेट जिवावर बेततं. तेव्हा हा शब्दांचा खेळ नव्हे.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत तो ‘च’ खरा आहे. छोटा रेणू, रसायनांतून घडवलेला. महागड्या पाकिटात असो की जनऔषधी केंद्रातल्या, रेणू तोच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या इंजेक्शनांचंही तसंच. म्हणून खोक्यावरचं मोठं नाव सोडून बारीक अक्षरातलं नाव वाचायचं. लॅन्टसवर ते असतं ‘इन्सुलिन ग्लार्जीन’.

पण ग्लार्जीनचा रेणू मोठा आहे. आपल्या शरीरातल्या इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं असतात. ग्लार्जीनमध्ये त्यातलं एक बदललंय आणि दोन वाढवलीत. त्यामुळे ते कातडीखाली बारीक कणांच्या रूपात साचतं आणि दिवसभर हळूहळू रक्तात उतरतं. हा रेणू जिवंत पेशींकडून करून घ्यावा लागतो. लॅन्टससाठी ई. कोलाय जिवाणू वापरतात, बायोकॉनच्या ‘बेसालॉग’साठी यीस्ट. वाट वेगळी, म्हणून पोचलो एकाच ठिकाणी हे तुलना करून दाखवावं लागतं. अशा औषधाला ‘बायोसिमिलर’ म्हणतात. भारतात त्यासाठी 2012 साली मार्गदर्शक तत्त्वं आली, 2016 मध्ये ती सुधारली. बायोकॉनच्याच ग्लार्जीनला 2021 मध्ये अमेरिकेत लॅन्टसच्या जागी अदलाबदलीने देण्याजोगं ठरवलं गेलं. म्हणजे ‘तसंच’ हा काही कमी दर्जाचा शब्द नाही.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे मीमांसक आठवणारच. यज्ञात व्रीही, म्हणजे भात, मिळाला नाही तर काय, यावर त्यांनी भरपूर खल केलाय. नीवार, आपला देवभात, चालेल. पण देवता बदलता येणार नाही! काय बदललं तरी कर्म तेच राहतं आणि काय बदललं की ते मोडतं, हा त्यांचा प्रश्न. आपलाही तोच आहे.

ग्लार्जीनची कंपनी बदलता येते, तीही डॉक्टरांना सांगून. दुकानदाराने ‘हेही इन्सुलिनच’ म्हणून मिक्स्टार्ड पुढे केलं, तर तो पर्याय नव्हे. त्याचा परिणाम होण्याची वेळ आणि चाल निराळी. ‘टूजिओ’ तर ग्लार्जीनच आहे, पण एका मिलीलिटरमध्ये 300 युनिटचं. लॅन्टस 100 चं. नाव तेच असूनही डोस नव्याने बसवावा लागतो.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र सिरिंज. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा 40 युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जीनची बाटली 100 ची, सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ग्लार्जीन भरलं, की अर्धा मिलीलिटर आत जातं, म्हणजे 50 युनिट. अडीचपट! साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

तेव्हा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: औषधाचं मूळ नाव, मिलीलिटरमागे युनिट किती, आणि पेन की बाटली. पेन असेल तर काडतूस त्याच कंपनीच्या पेनमध्ये बसणारं हवं. आणि बदल केल्यावर सुरुवातीचे काही दिवस सकाळची उपाशीपोटीची साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघायची, वहीत तारखेसह लिहायची, आणि ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवायची.