एकांतऱ्याचें घड्याळ

मुंबईहून पेणमार्गें अलिबागेस जातांना वडखळ मागें पडलें कीं अंबा नदीवरील पूल लागतो, आणि दोन्ही अंगांस धरमतरची खाडी पसरलेली दिसते. एके काळीं मुंबईचे उतारू आगबोटीनें येऊन येथेंच उतरत व येथून पुढें कोकणांत जात. आज कांठावर मालाचे धक्के आहेत व जवळच डोलवीचा पोलादाचा कारखाना उभा आहे. तरी खाजणें, मिठागरें आणि खारें पाणी अडविणारे बांध अद्यापि दृष्टीस पडतात. आमचें आजोळ याच मुलखांतलें. तेथें माजघराच्या भिंतीवर आमची आजी कोळशानें रेघा ओढून ठेवीत असे. घरांत कोणास हिंवताप आला कीं ताप चढलेल्या दिवसाची रेघ उभी, उतरलेल्या दिवसाची आडवी. उभी, आडवी, उभी, आडवी अशी ती ओळ चाले, आणि आजी सकाळींच सांगून टाकी, "आज दुपारीं याची पाळी आहे, गोधड्या काढून ठेवा." दुपारीं खरोखरच हुडहुडी भरे. आम्हां मुलांस त्या वेळीं आजीच्या ज्ञानाचा मोठा अचंबा वाटे.

या नियमितपणाचें कुतूहल फार जुनें आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत विषमज्वराच्या भेदांस तृतीयक व चातुर्थिक हीं नांवें आहेत तीं पाळीच्या दिवसावरूनच पडलेलीं. तृतीयकासच आपण घरगुती भाषेंत एकांतरा म्हणतों. परंतु ताप तिसऱ्याच दिवशीं कां उलटावा? पांचव्या किंवा आठव्या दिवशीं कां नाहीं? आतां याचें उत्तर मिळालें आहे. हिंवतापाच्या जंतूस स्वतःच्या नकला उतरून घेण्यास जितका वेळ लागतो, तितक्या अंतरानें हा ताप येतो.

हा जंतु, प्लाझ्मोडियम, एकाच पेशीचा बनलेला परोपजीवी प्राणी होय. डासाच्या दंशाबरोबर तो शरीरांत येतो, प्रथम यकृतांत वाढतो व मग तांबड्या रक्तपेशींत शिरतो. तेथें पहिला दिवसभर त्याचें काम एकच, तें म्हणजे रक्तांतील हिमोग्लोबिन खाणें. सुमारें चोवीस ते तीस तास लोटल्यावर तो लेखनास बसतो. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डी. एन्. ए. या द्रव्याची एक पोथी असते, आणि ती ए, टी, जी, सी अशा चारच अक्षरांत लिहिलेली असते. फाल्सिपेरम या घातक जातीच्या जंतूची पोथी इ. स. २००२ मध्यें संपूर्ण वाचून झाली. तींत चौदा अध्याय व सुमारें २ कोटि ३० लक्ष अक्षरें आहेत, आणि शेंकडा ८० अक्षरें केवळ ए व टी हींच! पोथी दुपदरी असते. नक्कल करतांना पदर उकलतात आणि प्रत्येक पदरासमोर जोडीचें अक्षर, म्हणजे ए समोर टी व जी समोर सी, बसविलें जाऊन एकाच्या दोन पोथ्या होतात.

येथवर तुमच्याआमच्या शरीरांतील पेशीही हेंच करतात. पुढें मात्र या जंतूची रीत निराळी आहे. आपली पेशी पोथीची एक नक्कल करते व लागलीच दुभंगून दोन होते. हा जंतु दुभंगत नाहीं. पोथी ज्यांत राहते त्या केंद्रकाचे तेवढे दोन करतो, मग त्या दोहोंचे आणखी, आणि बाहेरचें घर एकच ठेवतो. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस हें सहज समजेल. चूल एक, भांडार एक, परंतु खोल्या वाढत चाललेल्या. गंमत अशी कीं, एका चुलीवर असूनही या बिऱ्हाडांचें घड्याळ एक नसतें. एका केंद्रकाची नक्कल जोरांत चालली असतां शेजारचें केंद्रक स्वस्थ बसलेलें असतें. त्यामुळें मोजणीही दोन, चार, आठ अशी सरळ चालत नाहीं. तीन किंवा पांच केंद्रकें असलेला जंतूही आढळतो. जर्मनींतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनीं २०२२ सालीं याचा छडा लावला. नकलेस लागणारें एक प्रथिन, नक्कल चालू असेल त्याच केंद्रकांत गोळा होतें, आणि दोन केंद्रकें एकदम लिहावयास बसलीं तर दोघांचेंही काम मंदावतें, असें त्यांस दिसून आलें. एका पाट्यावर दोन सुनांनीं एकाच वेळीं वाटप करावयास बसावें, तसाच हा प्रकार!

अखेरीस वाटणी मात्र एकाच दिवशीं होते. साधारण वीस केंद्रकें झालीं कीं सर्वांभोवतीं एकदम भिंती उभ्या राहतात, रक्तपेशी फुटते आणि वीस नवे जंतू बाहेर पडून वीस नव्या पेशींत घुसतात. अशा असंख्य पेशी एकाच सुमारास फुटल्या म्हणजे त्यांतील घाण रक्तांत मिसळून थंडी वाजते व ताप भरतो. शिरण्यापासून फुटण्यापर्यंत ४८ तास. हाच आजीचा एकांतरा. चातुर्थिकाच्या जंतूस ७२ तास लागतात. फाल्सिपेरमचा ताप पुष्कळदां पाळी चुकवितो हें खरें, आणि म्हणूनच तो अधिक दगलबाज.

जो जंतु मनुष्याच्या रक्तांत असा सावकाश लिहितो, तोच डासाच्या पोटांत गेला कीं विलक्षण घाई करतो. त्याचें नररूप रक्ताच्या उबेंतून डासाच्या गार पोटांत पडतांच, सुमारें दहा मिनिटांत, सबंध पोथीच्या तीन वेळां नकला करून एकाचे आठ होतें, व आठ वळवळणारे तंतू सुटतात. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनीं अल्जीरियांतील कॉन्स्टंटाइन येथें ६ नोव्हेंबर १८८० रोजीं रोग्याचें रक्त कांचेवर घेतलें असतां त्यांस हेच तंतू दिसले. कांचेवर रक्त गार झालें, जंतूस वाटलें कीं डासाच्या पोटांत आलों! त्या फसगतीमुळें तो मनुष्यास प्रथम ओळखतां आला. डासाशीं असलेला संबंध पुढें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस सिद्ध केला.

धरमतरहून समुद्रमार्गें फार दूर नसलेल्या कुलाब्यास, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, शोभना शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेलें काम आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. जंतूच्या प्रथिनें बनविण्याच्या यंत्रांतील पी-टू नांवाचा एक घटक, केंद्रक दुभंगण्याची वेळ आली कीं, रक्तपेशीच्या बाहेरच्या पृष्ठावर येऊन बसतो. त्याला चिकटणारीं प्रतिद्रव्यें प्रयोगशाळेंत सोडलीं असतां जंतु पहिल्याच विभागणीस अडला, एका केंद्रकावरच थांबला. घरांतली वाटणी थांबवावयास दाराबाहेरून कडी घालतां यावी, अशांतली ही गोष्ट आहे.

नकलेवर घाव घालण्याची युक्ति तशी जुनी आहे. पायरीमेथामिन हें औषध जंतूस टी हें अक्षर बनवूं देत नाहीं, आणि हा जंतु तें अक्षर आपल्याकडून उसनें घेऊं शकत नाहीं. म्हणजे शाईच आटली. या धर्तीचीं औषधें शोधणारे हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांस १९८८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु कोट्यवधि नकला होतांना क्वचित् अक्षर चुकतें. ज्या प्रथिनावर हें औषध बसतें त्याच्या १०८ व्या स्थानावरील एका अक्षराच्या चुकीनें औषधाची पकड ढिली होते, आणि औषध चालू असतां तीच चुकलेली प्रत तगून राहते. ईशान्येकडील राज्यांत या औषधाचा समावेश असलेली मिश्र योजना २०१३ पासून बदलावी लागली.

दुसरी अडचण याहून घरगुती आहे. व्हायव्हॅक्स जातीचे कांहीं जंतू यकृतांत निजून राहतात. ते नक्कल करीत नाहींत; म्हणून रक्तांतील जंतू मारणारें औषध त्यांस लागत नाहीं, आणि महिन्यांनीं तोच ताप उलटतो. त्यांच्यासाठीं प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावें लागतें, तेंही रक्ताची तपासणी करून, डॉक्टरच्या देखरेखीखालीं.

गेल्या श्रावणांत आमच्या पेणच्या पुतण्यास हाच ताप आला. चौथ्या दिवशीं ताप गेला, सहाव्या दिवशीं तो कामावर जावयास निघाला आणि गोळ्यांची पट्टी फडताळांत टाकून म्हणाला, "काकू, आतां मला कांहीं झालेलें नाहीं." आमच्या घरच्या मंडळींनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर पेन्सिलीनें चौदा उभ्या रेघा ओढल्या, सहा खोडल्या, आणि सातव्या दिवशीं सकाळीं त्याच्या जेवणाच्या पानाशेजारीं गोळी ठेवली. चौदावी रेघ नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं खोडली गेली.