हलकं मशीन, भारी काम?

शनिवारची सकाळ. आठसुद्धा वाजलेले नाहीत. आठवडाभर ऑफिसात डोक्याला शॉट, त्यामुळे आज दहापर्यंत लोळायचं असा फुल प्लॅन. आणि पलीकडच्या खोलीतून सुरू होतं, झ्यांऽऽऽ! घरात राहूनच फर्निचरचं काम काढलेल्या प्रत्येकाच्या हा अलार्म ओळखीचा असेल. उशी कानावर दाबून काही उपयोग होत नाही. मी उठले, चहाचा कप घेतला आणि पहिल्यांदाच जरा नीट डोकावून पाहिलं.

दोन घोड्यांवर आडवा टाकलेला प्लायचा मोठा तुकडा. त्याच्या मधोमध फट. फटीतून वर आलेलं, गरागरा फिरणारं पातं. खाली वाकून बघितलं तर चार इंची कटर उलटं बांधलेलं. दुकानात मार्बल आणि टाइल कापायला म्हणून मिळतं ना, तेच. त्याचा स्विच कायमचा दाबून दोरीने आवळलेला. चालू-बंद करायचं ते थेट भिंतीवरच्या बटणाने.

‘‘काका, याला काय म्हणतात?’’

‘‘टेबल,’’ मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींच्या डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेऱ्याशी संपते. इतके दिवस चहा देताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ‘‘ते जुनं आहे ताई. तेव्हा नवीन होतो,’’ एवढंच बोलून त्यांनी पुढची फळी उचलली.

तर मंडळी, माझ्या वीकेंडचा प्लॅन तिथेच बदलला. दुकानांची इंटिरिअर्स करणाऱ्या एका मित्राकडून साइटवर नेता येणारं खरं टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली इलेक्ट्रिक करवत, दोन दिवसांसाठी मागून आणली. प्रश्न सोपा होता. आपल्यासारख्यांच्या फ्लॅटमधल्या कामात हे हलकं मशीन खरंच टिकतं, की नुसतं शोरूममध्ये चकाचक दिसतं?

कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. दोन दिवसांत कुणाच्या मशीनवर निकाल देणं बरं नव्हे. पण वर्ग सांगते. या वर्गातलं सगळ्यांना माहीत असलेलं मॉडेल म्हणजे डीवॉल्टचं डीडब्ल्यूई ७४८५. पातं सव्वाआठ इंची, वजन साधारण २१ किलो. बॉशचं जीटीएस १० जे थोडं मोठं, दहा इंची पात्याचं आणि सुमारे २६ किलोंचं. कारखान्यातल्या ओतीव लोखंडाच्या टेबल सॉचं वजन शेकड्यांत जातं, त्यापुढे ही अगदीच चिल्लीपिल्ली.

तीन मजले आणि साडेचोवीस इंच

आमच्या सोसायटीच्या लिफ्टवर ‘सामान नेऊ नये’ अशी पाटी आहे. त्यामुळे पहिली टेस्ट जिन्यातच झाली. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने मशीन खांद्यावर टाकलं आणि एकदाही न थांबता तिसऱ्या मजल्यावर आणलं. भोवती पाइपचा पिंजरा असतो, त्यामुळे धरायला सोपं आणि आपटलं तरी टेबल वाकत नाही. ‘‘गव्हाच्या कट्ट्यापेक्षा हलकं आहे,’’ हा त्याचा रिपोर्ट.

मग फेन्स, म्हणजे ज्याला टेकवून फळी पुढे सरकवायची ती पट्टी. मिस्त्री तिला गाइड म्हणतात. या मशीनमध्ये ती पात्यापासून साडेचोवीस इंच लांब जाऊ शकते. हा आकडा ऐकायला बोअर आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे. आपली प्लायशीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे ४८ इंच रुंद. तिचे बरोबर दोन भाग करायचे तर २४ इंच लागतात. वॉर्डरोबची खोलीही साधारण तेवढीच. वीस इंचांवर थांबणारं मशीन घेतलंत तर कपाटाच्या प्रत्येक बाजूपाशी येऊन अडाल. बाकी ब्रोशरमध्ये वॉट, आरपीएम काय वाट्टेल ते छापू देत, आधी हा आकडा बघा.

फेन्सखाली दातेरी पट्टी आणि चाक असतं. पुढची मूठ फिरवली की फेन्सची पुढची आणि मागची टोकं एकदमच सरकतात. घरगुती टेबलावर काय होतं? एक सरळ पट्टी दोन्ही टोकांना शिकंज्याने आवळायची, पुढे टेप लावायची, मागे टेप लावायची, ठोकायची, पुन्हा मोजायची. प्रत्येक मापाला हेच. आम्ही तीन-तीन इंचांच्या पाच पट्ट्या नव्या मशीनवर कापल्या आणि पाच जुन्या टेबलावर. एकाला एक लावून उभ्या केल्या आणि मिस्त्रींनी वरून बोट फिरवलं. नव्या पाचांवर बोट अडलं नाही. जुन्या पाचांत दोनदा अडलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त रंधा काढून त्या दोन पट्ट्या सारख्या करून घेतल्या. रंध्याची ही पाच मिनिटं एका कपाटात किती वेळा जात असतील, याचा हिशोब आपण कधी करत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. मशीन आलं की लगेच कापायला सुटायचं नाही. प्लग काढून पातं पूर्ण वर घ्यायचं आणि गुण्या लावून काटकोन तपासायचा. मग पात्याच्या एकाच दाताला खूण करून, तो पुढे असताना आणि मागे नेल्यावर टेबलातल्या खाचेपासूनचं अंतर मोजायचं. दोन्ही सारखं हवं. आमचा काटकोन केसभर चुकीचा निघाला. स्क्रू फिरवून दहा मिनिटांत बसला, पण बघितलाच नसता तर प्रत्येक खण तिरका झाला असता.

हलकेपणाचा तोटा

आता रड. १९ मिलिमीटरची अख्खी प्लायशीट ३०-३५ किलोंची. मशीन २१ किलोंचं. म्हणजे बैलापेक्षा गाडी जड! शीट निम्मी पुढे गेली की पलीकडच्या बाजूला झुकते आणि मशीनही सोबत झुकायला लागतं. पहिल्याच शीटला पोरगं धावलं म्हणून वाचलं. मिस्त्रींनी मग आपली अक्कल चालवली. मशीन प्लायच्या तुकड्याला बोल्टने आवळलं, पलीकडे टेबलाच्या उंचीची घोडी ठेवली आणि अख्खी शीट मशीनवर चढवायचीच नाही असं ठरलं. आधी जमिनीवर सरळ पट्टी धरून हातकटरने मोठे तुकडे करायचे आणि मग शेवटचं अचूक माप मशीनवर. खरं तर कामाची हीच पद्धत योग्य. हे मशीन म्हणजे कारखाना नव्हे.

खोलीही मर्यादित. सव्वाआठ इंची पातं सरळ कापताना साधारण ६५ मिलिमीटर आत जातं. प्लायला भरपूर झालं. पण सागवानी चौकटीचा जाड ओंडका समोर आला तर सोडून द्या.

सोबत आलेलं पातं २४ दातांचं होतं. त्यावर सनमायका चिकटवलेली फळी घातली आणि कडेला उंदराने कुरतडल्यासारखे टवके उडाले. साठ दातांचं पातं लावल्यावर कड स्वच्छ आली. तेव्हा पात्याचे वेगळे पैसे बजेटमध्ये धरा. आणि वीज! १८५० वॉटचं मशीन म्हणजे आठ अँपिअर. मोबाइल चार्जरच्या शेजारच्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनने ते चालवायचं नाही. गीझरसाठी असतो तो सोळाचा पॉइंट हवा. आवाज? काडीचाही फरक नाही. शेजारच्या काकू दोन्ही दिवस येऊन गेल्या. धूळ थोडी कमी, कारण मागच्या तोंडाला व्हॅक्युमचा पाइप लागतो. पण मास्क हवाच. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५मध्येच नोंदवलं आहे. आमच्या मिस्त्रींच्या तोंडाला मात्र अजून रुमालच.

पात्यामागची पट्टी

इथपर्यंतचं सगळं सोयीचं गणित झालं. पण मला मशीनमध्ये सगळ्यात जास्त आवडली ती एक साधी, पातळ, उभी लोखंडी पट्टी. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याच्या अगदी पाठीमागे उभी असते, पात्याबरोबर वर-खाली होते आणि त्याच्याबरोबरच तिरकी होते.

ती काय करते? फळी पात्याच्या पुढे गेली की कापलेल्या दोन बाजू कधीकधी आत मिटतात, किंवा फळी जराशी वाकडी सरकते. मग ती पात्याच्या मागच्या दातांना लागते. पुढचे दात खाली जात असतात, मागचे वर उसळत तुमच्याकडे येत असतात. ते फळी उचलतात आणि थेट तुमच्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. फळी तर पोटात बसतेच, पण ती धरलेला हात कधीकधी त्याच झटक्यात पात्यावर ओढला जातो. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. मिनिटाला ५८०० फेरे घेणाऱ्या सव्वाआठ इंची पात्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर. मिस्त्रींचं चार इंची कटर तर बारा-तेरा हजार फेऱ्यांचं, तिथे तो २५०च्या पुढे जातो. आणि तिथे मागे पट्टी नाही, वर गार्ड नाही, हाताशी लाल बटण नाही. दोरीने बांधलेला स्विच आहे, आणि भिंतीवरचं बटण चार पावलांवर.

‘‘तुमचं बोट असंच गेलं का?’’ मी शेवटी विचारलंच.

‘‘फळी उडाली. हात कुठे गेला ते कळलंच नाही,’’ मिस्त्री म्हणाले. नंतर दोन महिने घरी. रोजावरच्या माणसाचे दोन महिने.

रायव्हिंग नाइफ असली म्हणजे झालं असंही नाही. तुम्ही स्वतः हात पुढे नेलात तर ती काही करू शकत नाही. त्यासाठी वरचं पारदर्शक गार्ड आणि ढकलायची काठी. अमेरिकेत २०१५ साली टेबल सॉमुळे इमर्जन्सीत गेलेल्या लोकांचा सरकारी अंदाज होता ३३,४००, आणि त्यातल्या ९२ टक्क्यांना पातंच लागलेलं. तिथे सॉस्टॉप नावाचं तंत्र आहे. स्टीफन गॅस या वकिलाने, मूळचा फिजिक्सवाला, १९९९मध्ये ते शोधलं. बोट लागताच विजेच्या सिग्नलमधला बदल मशीनला कळतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. पातं आणि ब्रेक दोन्ही खलास, बोटावर खरचटल्याएवढं. डेमोला सॉसेज वापरतात. भन्नाट आहे! पण त्याचं सगळ्यात छोटं मॉडेलही ३० किलोंच्या वर जातं आणि तिथलं मशीन १२० व्होल्टवर चालतं. तेव्हा आपल्या जिन्यात तूर्तास पट्टी, गार्ड आणि काठी.

गार्डचं काय झालं सांगू? अर्ध्या तासात मिस्त्रींनी ते काढून बाजूला ठेवलं. ‘‘खूण दिसत नाही ताई.’’ आमची थोडी वादावादी झाली. मागच्या पाटासाठी सहा मिलिमीटरची खाच मारताना गार्ड काढावंच लागतं, हे मला मान्य. तेव्हा पट्टी खाली घेऊन जागेवर ठेवता येते. पण सरळ फळी चिरताना गार्ड लावायचंच, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर लावलेलं होतं. उरलेल्या प्लायमधून त्यांनी ढकलायच्या दोन काठ्याही कापल्या होत्या, एक पोराच्या मापाची.

घ्यायचं कुणी?

‘‘काका, घ्या की एक असं.’’

‘‘एवढ्या पैशात माझी चार-पाच छोटी मशिन्स येतात,’’ मिस्त्री हसले. ‘‘आणि तुम्ही लोक रेट कुठे वाढवून देता?’’

चेंडू माझ्याच कोर्टात. गंमत बघा, कोटेशन घेताना मी प्लायचा ग्रेड विचारला, बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोज आहेत का विचारलं, हँडल्सचे चाळीस फोटो पाहिले. कापणार कशावर, हे एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारलंय? स्क्वेअर फुटाचा रेट घासून घासून खाली आणताना त्यातून नेमकं काय गळतं, ते मलाही त्या शनिवारी दिसलं. आता पुढच्या दोन कामांचा ॲडव्हान्स आला तर सेकंडहँड बघू, असं मिस्त्री म्हणतायत. माझ्या कामातला शेवटचा हप्ता मी त्यासाठी लवकर द्यायचं कबूल केलंय. सेकंडहँड घेताना पट्टी आणि गार्ड जागेवर आहेत का ते आधी बघा, आणि नवं पातं घेताना त्याचा काप पट्टीपेक्षा रुंद आहे ना हेही बघा, नाहीतर फळी पट्टीतच अडकेल, असं मी दोनदा बजावलं. ‘‘माहीत आहे ताई,’’ ते म्हणाले. दोन्ही वेळा.

रविवारी रात्री मशीन मित्राकडे परत गेलं. लॉफ्टच्या चार पट्ट्या कापायच्या राहिल्या होत्या. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं तर प्लायचं टेबल पुन्हा घोड्यांवर चढलं होतं, आणि शेजारी नवी काठी ठेवलेली. मी चपला घालत असतानाच भिंतीवरचं बटण दाबल्याचा आवाज आला. त्या चार पट्ट्या होईपर्यंत मी जिन्यातच थांबले.