प्रिंटरशोध, उपजालांतील
प्रिंटरशोध, उपजालांतील : घरातील संगणकजाल दोन किंवा अधिक उपजालांत विभागलेले असता एका उपजालातील प्रिंटर दुसऱ्या उपजालातील संगणकांना व मोबाइल संचांना आपोआप दिसावा, यासाठी योजण्यात येणाऱ्या पद्धती. राउटर मध्ये न येता परस्परांशी संपर्क साधू शकणाऱ्या, एकाच आयपी पत्तासमूहातील उपकरणांच्या गटास उपजाल म्हणतात.

आयपी जालात प्रिंटरचा पत्ता पूर्वी प्रत्येक संगणकावर हाताने भरावा लागे. ॲपलटॉक प्रणालीत ही गरज नव्हती. तशीच सोय आयपी जालात व्हावी म्हणून आयईटीएफ या प्रमाणके ठरविणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये कार्यगट नेमला. ॲपल कंपनीने २००२ साली ही सोय प्रचारात आणली. २००५ पासून ती बॉन्जूर या नावाने ओळखली जाते. स्टूअर्ट चेशर व मार्क क्रॉकमल यांनी लिहिलेली तिची प्रमाणके फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत संगणक २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, यूडीपीच्या ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर, ‘छपाईची सेवा येथे कोण देतो?’ असा प्रश्न पुकारतो. प्रिंटर आपले नाव, पत्ता व पोर्ट कळवितो. हा प्रकार दवंडीसारखा असून ती वेशीपर्यंतच ऐकू जाते. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते स्थानिक जोडणीपुरते राखीव आहेत व राउटरने ते संदेश पुढे पाठवू नयेत, असा नियम आहे. पुष्कळांना हा राउटरमधील बिघाड वाटतो. वस्तुतः प्रत्येक पुकारा सर्व जालांत पसरू नये म्हणून ही मर्यादा हेतुतः घातलेली आहे.

दिसणे व पोहोचणे या येथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष छपाईचा मजकूर प्रिंटरच्या पत्त्यावर, बहुधा ६३१ किंवा ९१०० या पोर्टवर, थेट जातो आणि राउटर ओलांडू शकतो. त्यामुळे यादीत न दिसणारा प्रिंटर पत्ता भरताच छापू लागतो. उलट यादीत दिसणारा प्रिंटर फायरवॉल आड आल्यास छापत नाही.

अशी विभागणी कित्येकदा नकळत होते. उदा., हिंगोली किंवा वसमत येथील एखाद्या घराच्या पुढील खोलीत झेरॉक्स व ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे आणि मागील खोल्यांत वायफाय पोहोचावे म्हणून दुसरा राउटर जोडला आहे. पहिल्या राउटरची तार दुसऱ्याच्या इंटरनेटसाठी असलेल्या पोर्टमध्ये खोचली की दुसरे उपजाल निर्माण होते. आतील राउटर आपल्यामागील पत्ते झाकतो. म्हणून घरातून दुकानातील प्रिंटर पत्त्याने गाठता येतो, दुकानातून घरातील प्रिंटर मात्र येत नाही. दोन्हीकडे १९२.१६८.१.० हाच समूह असल्यास पहिली वाटही बंद होते. येथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालविणे हा सर्वांत सोपा उपाय होय. त्यायोगे उपजाल एकच राहते.

परंतु अशा दुकानात आधारच्या प्रती, उत्पन्नाचे दाखले, सातबारा असे लोकांचे कागद छापले जातात. त्यामुळे ग्राहकांचे वायफाय वेगळे ठेवलेले असेल, तर ती विभागणी मोडू नये. घर व दुकान ही उपजालेही मुद्दाम वेगळी ठेवली असल्यास त्यांच्यामध्ये परावर्तक योजतात. दोन्ही उपजालांशी जोडलेला हा कार्यक्रम एकीकडील पुकारा दुसरीकडे पुन्हा उच्चारतो. लिनक्सवरील अवाही या कार्यक्रमात ही सोय असून काही राउटरांतही ती आढळते. सोबत प्रिंटरला कायमचा पत्ता नेमून फायरवॉलमध्ये केवळ त्या पत्त्याची छपाईची पोर्ट उघडावी लागते. साधा परावर्तक प्रिंटरखेरीज दूरचित्रवाणी संच, मोबाइल इत्यादींची नावेही पलीकडे नेतो, म्हणून ग्राहकांचे उपजाल त्यातून वगळणे इष्ट. त्याच दोन उपजालांमध्ये दोन परावर्तक ठेवल्यास पुकारे फिरत राहून जाल तुंबते. दोन-तीनच संगणक असतील, तर परावर्तकाच्या खटाटोपापेक्षा पत्ता हाताने भरणेच बरे.

विद्यापीठांसारख्या मोठ्या जालांना परावर्तक पुरत नाही. त्यांच्यासाठी शोध-प्रतिनिधीचे प्रमाणक जून २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. यात प्रतिनिधी आपल्या उपजालात पुकारा करतो व मिळालेले उत्तर दूरच्या संगणकास नेहमीच्या डीएनएस पद्धतीने कळवितो.

सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सवरील कप्स या छपाई प्रणालीच्या प्रिंटर शोधणाऱ्या घटकातील दोष उघडकीस आला. यूडीपीच्या ६३१ पोर्टवर कोठूनही आलेल्या संदेशावर तो विश्वास ठेवी. त्यामुळे बनावट प्रिंटर यादीत घुसवून, त्यावर छपाई होताच संगणकावर परक्या आज्ञा चालविणे शक्य होते. दुरुस्ती होईपर्यंत तो घटक बंद ठेवण्यास किंवा ती पोर्ट अडविण्यास सांगण्यात आले.