अकराव्या क्रमांकाचं शतक

३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला आयपीएलच्या नव्या हंगामाचा पहिला सामना झाला. चेन्नई सुपर किंग्जची फलंदाजी आटोपली आणि अंबाती रायुडूच्या जागी कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे मैदानात उतरला. रायुडूचं काम फलंदाजीचं, ते झालं होतं. देशपांडेचं काम गोलंदाजीचं, ते आता सुरू होणार होतं. आयपीएलमधला हा पहिला ‘इम्पॅक्ट प्लेअर’. नाणेफेकीच्या वेळी अकरा खेळाडूंबरोबर पाच राखीव नावं द्यायची, त्यांतला एक सामना चालू असताना आत घ्यायचा, ज्याच्या जागी तो आला त्याने परत यायचं नाही, असा हा नियम. आत आलेला गोलंदाज पूर्ण चार षटकं टाकू शकतो, आलेला फलंदाज पूर्ण डाव खेळू शकतो. कागदावर संघ अकरांचाच राहतो, पण खेळतात बारा जण. त्यानंतर अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, मुंबईच्या बीकेसी मैदानावर बडोद्याविरुद्ध रणजी करंडकाचा उपांत्यपूर्व सामना चालू होता. मुंबईचे नऊ गडी बाद झाल्यावर हाच तुषार देशपांडे अकराव्या क्रमांकावर आला आणि त्याने १२३ धावा केल्या. समोर दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन १२० धावांवर नाबाद. दोघांची भागीदारी २३२. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकण्याचा प्रकार प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात त्याआधी एकदाच घडला होता: १९४६ साली इंग्लंडमध्ये ओव्हलवर, सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून. ज्याला एका नियमाने बॅट हातात घेण्यापासून मोकळं केलं, त्यानेच दुसऱ्या स्पर्धेत असा विक्रम केला. खेळाडूच्या कमकुवत बाजूला नियमाने सवलत दिली की ती बाजू सुधारण्याची वाटही बंद होते, आणि हे नुकसान धावफलकावर कुठेच दिसत नाही, असं माझं म्हणणं आहे.

हा वाद आपल्याकडे नवा असला तरी अमेरिकेतले बेसबॉलचे चाहते तो पन्नास वर्षांहून अधिक काळ घालत आले आहेत. बेसबॉलमध्ये नऊ खेळाडू असतात आणि चेंडू फेकणारा पिचर हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. आपल्या गोलंदाजासारखाच तोही पूर्वी ठरलेल्या क्रमाने बॅट घेऊन उभा राहायचा आणि बहुधा लवकर बाद व्हायचा. १९६८ साली तिथे पिचर इतके वरचढ ठरले की अमेरिकन लीगमध्ये सर्वोत्तम सरासरी राखणाऱ्या कार्ल यास्ट्रेम्स्कीला दहा प्रयत्नांत जेमतेम तीनदा यशस्वी फटका मारता आला. पुढच्याच वर्षी पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो तो पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणला गेला. तेवढ्याने भागलं नाही. प्रेक्षक कमी होत होते, मालक चिंतेत होते. जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकन लीगच्या बारा मालकांनी आठ विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की पिचरऐवजी बॅटिंगपुरता एक वेगळा खेळाडू उभा करायचा. हाच ‘डेझिग्नेटेड हिटर’, थोडक्यात डीएच. त्याने फक्त फटके मारायचे, क्षेत्ररक्षणाला उतरायचं नाही. ६ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क यांकीजचा रॉन ब्लोमबर्ग हा पहिला डीएच बॉस्टनमध्ये उभा राहिला. तिथल्या दुसऱ्या मोठ्या लीगने, म्हणजे नॅशनल लीगने, मात्र हा नियम नाकारला. त्यामुळे एकाच देशात, एकाच खेळाचे दोन कायदे जवळजवळ अर्धशतक चालले. अंतिम जेतेपदाच्या मालिकेत तर १९८६ पासून ज्याचं मैदान त्याचा नियम अशी व्यवस्था होती. शेवटी २०२२ पासून नॅशनल लीगनेही हार मानली.

या पन्नास वर्षांकडे मी इतकं लक्ष देतो, कारण आपल्या नियमाचं पुढे काय होईल हे सांगायला आपल्याकडे अजून पुरेसा काळच गेलेला नाही. अमेरिकेकडे तो आहे. डीएचच्या बाजूने तिथे सर्वांत जोरकस मुद्दा मांडला जायचा तो आकड्याचा. नॅशनल लीगने पिचरला बॅट धरायला लावलेलं शेवटचं वर्ष २०२१. त्या वर्षी पिचरांची सरासरी होती .११०, म्हणजे शंभर प्रयत्नांत अकरा वेळा यश. असल्या फलंदाजीसाठी प्रेक्षकाने तिकीट का काढावं? प्रश्न बिनतोड वाटतो. पण हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १९७३ नंतर डीएचची पद्धत महाविद्यालयीन स्पर्धांत आणि कनिष्ठ व्यावसायिक संघांतही पसरली. चांगला चेंडू फेकणाऱ्या मुलाच्या हातातून बॅट लवकर काढून घेतली जाऊ लागली. वर्षानुवर्षं ज्याने सराव केला नाही, त्याला एके दिवशी जगातल्या सर्वांत वेगवान पिचरसमोर उभं करायचं, तो चुकला की म्हणायचं, बघा, याला येत नाही. नियमाने आधी अडाणीपण तयार केलं आणि मग तेच अडाणीपण नियमाचा पुरावा म्हणून पुढे केलं. बेब रूथ हे नाव बेसबॉल न पाहणाऱ्यांनीही ऐकलेलं असतं, ते ७१४ होमरनसाठी. तो बॉस्टनकडे आला होता पिचर म्हणून. पिचरने बॅट धरायचीच नाही असा दंडक त्या काळी असता, तर त्याच्या मनगटातली ताकद कोणाला कळली असती?

आपल्याकडचं असंच उदाहरण रवी शास्त्री. फेब्रुवारी १९८१ मध्ये वेलिंग्टनला त्याने कसोटीत पदार्पण केलं ते डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून, फलंदाजीचा क्रमांक दहावा. दोन वर्षांच्या आत कराचीत सलामीला जाऊन त्याने शतक केलं आणि १९९२ साली सिडनीला २०६. दहाव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकापर्यंतची ही चढण त्याला करता आली, कारण दहाव्या क्रमांकावर का होईना, त्याला खेळावं लागत होतं. अजित आगरकर आठ नंबरला येऊन लॉर्ड्सवर शतक करतो, पालघरचा शार्दूल ठाकूर आणि पदार्पण करणारा वॉशिंग्टन सुंदर जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला १२३ धावांची भागी रचून कसोटी वाचवतात आणि मग भारत ती जिंकतो, ही सगळी त्याच परंपरेची फळं. एप्रिल २०२४ मध्ये रोहित शर्माने इम्पॅक्ट प्लेअरच्या नियमाविषयी उघड नापसंती व्यक्त केली, तेव्हा त्याने नावं घेतली ती शिवम दुबे आणि याच वॉशिंग्टन सुंदरची. त्यांना गोलंदाजी मिळत नाही, हे भारतीय क्रिकेटसाठी चांगलं नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. दुबे मुंबईचा अष्टपैलू. पण आयपीएलमध्ये चेन्नईच्या संघाला त्याच्याकडून षटकार हवे होते. बाराव्या माणसाच्या रूपाने हुकमी गोलंदाज मिळत असताना कर्णधार मध्यमगती दुबेच्या हाती चेंडू कशाला देईल? कर्णधाराला मी दोष देत नाही. त्याला सामना जिंकायचा असतो. नियमच त्याला तसं करायला लावतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये इम्पॅक्ट प्लेअर नाही. अंतिम सामन्यात अक्षर पटेलने ४७ धावा केल्या, दुबेने २७, आणि शेवटचं षटक टाकून हार्दिक पंड्याने सामना आपल्या बाजूला ठेवला. अष्टपैलू खेळाडूंशिवाय तो संघ उभाच राहिला नसता.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही. या नियमाच्या समर्थकांचा पहिला मुद्दा असा, की प्रत्येक सामन्यात दोन जादा खेळाडूंना, आणि व्यवहारात बहुधा भारतीयांनाच, संधी मिळते. कारण अकरांत चार परदेशी असतील तर इम्पॅक्ट प्लेअर भारतीयच असावा लागतो. मार्च २०२५ मध्ये चेन्नईला मुंबई इंडियन्सने खुद्द रोहितच्या जागी केरळच्या विघ्नेश पुथुरला उतरवलं. राज्याच्या मुख्य संघाकडूनही न खेळलेल्या त्या पोराने पहिल्याच सामन्यात तीन गडी बाद केले, त्यांत ऋतुराज गायकवाड आणि शिवम दुबेही होते. पुढच्या महिन्यात जयपूरला चौदा वर्षांचा वैभव सूर्यवंशी इम्पॅक्ट प्लेअर म्हणून आला आणि त्याने पहिलाच चेंडू षटकाराला धाडला. गोलंदाज होता शार्दूल ठाकूर. या दोन गोष्टी पाहून ज्याला आनंद होत नाही त्याने क्रिकेट पाहूच नये. संधी खरी आहे, हे मी मान्य करतो. पण ती कशाची संधी आहे तेही पाहिलं पाहिजे. पुथुरला रोहितच्या जागी येऊन चार षटकं टाकायची असतात, सूर्यवंशीला फटके मारायचे असतात. दारातून आत जे येतात ते एका कामाचे कारागीर. दोन कामं बेताची करणारा, आणि पुढे दोन्ही उत्तम करू शकणारा मुलगा त्याच दारातून बाहेर जातो. शिवाय संधी वाढवायची तर जागा वाढवण्याचे दुसरे मार्ग आहेतच. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली, पहिलं विजेतेपद रत्नागिरी जेट्सने मिळवलं. अशा स्पर्धांमुळे संघच वाढतात. एका संघात बारावा माणूस बसवण्यापेक्षा नवे अकरा जण उभे करणं केव्हाही चांगलं.

दुसरा मुद्दा मनोरंजनाचा. आयपीएल सुरू झाल्यापासून २०२२ पर्यंत अडीचशेच्या वर धावसंख्या एकदाच गेली होती, २०१३ मध्ये बंगळुरूची २६३. २०२४ च्या एका हंगामात ती आठ वेळा गेली. याचं सगळं श्रेय किंवा खापर इम्पॅक्ट प्लेअरवर फोडणं मात्र चूक ठरेल. खेळपट्ट्या सपाट झाल्या आहेत, फलंदाजांची धिटाई वाढली आहे, आणि हा नियम नसतानाही भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये बांगलादेशविरुद्ध २९७ केल्या. पण आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाज असल्याची खात्री असली की विकेटची किंमत उतरते, हेही खरं. विकेट स्वस्त झाली की गोलंदाजाच्या यशालाही अर्थ उरत नाही. बाय-रनर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून २०११ साली काढला, तेव्हा आपण उलट दिशेने गेलो होतो: ज्याने फटका मारला त्यानेच धावायचं. ‘सुपरसब’चा प्रयोगही आयसीसीने २००५ मध्ये करून पाहिला आणि काही महिन्यांत गुंडाळला. त्यात राखीव खेळाडूचं नाव नाणेफेकीआधी द्यावं लागायचं, त्यामुळे नाणेफेक जिंकणाऱ्याचा फायदा व्हायचा. इम्पॅक्ट प्लेअरमध्ये तो दोष काढला आहे. रचना सुधारली, पण मूळ हेतू तोच राहिला.

बेसबॉलवाले माझ्यासमोर शोहेई ओतानीचं नाव ठेवतील, आणि ते योग्यच आहे. पिचर म्हणूनही अव्वल, फटके मारण्यातही अव्वल असा हा जपानी खेळाडू. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये त्याला चेंडू फेकता येत नव्हता. डीएचची जागा होती म्हणूनच तो वर्षभर खेळला, ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. म्हणजे या नियमाने एका अष्टपैलू खेळाडूला वाचवलंच. मला हे नाकारता येत नाही. पण पिचिंग सोडून बाहेर गेल्यावरही त्याला फलंदाज म्हणून राहता यावं, यासाठी २०२२ मध्ये नियमात खास दुरुस्ती करावी लागली. डीएचचा मूळ नियम त्याच्यासारखा माणूस अस्तित्वात असेल हे गृहीतच धरत नव्हता. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याने एकाच सामन्यात दहा फलंदाजांना स्ट्राइकआउटने बाद केलं आणि स्वतः तीन होमरन मारले. पन्नास वर्षांत अमेरिकेच्या शाळांतून असे किती ओतानी केवळ पिचर म्हणून बाहेर पडले असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

एक आक्षेप मला स्वतःलाच महत्त्वाचा वाटतो. देशपांडेचं शतक तर नियम आल्यानंतरचं आहे. मग नियमाने त्याचं काय बिघडलं? काहीच नाही. कारण त्याची फलंदाजी हा नियम येण्याआधी, मुंबईच्या मैदानांवर घडलेली आहे. प्रश्न आज बारा-चौदा वर्षांच्या असलेल्या मुलांचा आहे. गुहागर तालुक्यात वेळणेश्वरला ओहोटीच्या वेळी पुळण घट्ट होते आणि टेनिस बॉलचा डाव मांडता येतो. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं आली की दोन संघ भरतात, एरवी माणसं कमीच पडतात. अशा ठिकाणी गोलंदाज आणि फलंदाज हे वेगळे धंदे नसतात. ज्याने षटक टाकलं तो बॅटिंगलाही येतो. कोकणातल्या मुलाला क्रिकेटचं पहिलं शिक्षण मिळतं ते इथे. त्याने पुढे रत्नागिरीच्या, मग महाराष्ट्राच्या वयोगट संघाकडे जायचं ठरवलं, तर तिथल्या प्रशिक्षकाने त्याला काय सांगावं? दोन्ही करत राहा, की एक निवड? आयपीएलची निवड करणारे कशाकडे पाहतात हे प्रशिक्षकालाही ठाऊक असतं, आणि वडिलांनाही.

बीसीसीआयला हे कळत नाही असं नव्हे. सय्यद मुश्ताक अली करंडकात, जिथे २०२२ साली हा नियम पहिल्यांदा आजमावला, तिथून तो २०२४-२५ च्या हंगामापासून काढून टाकण्यात आला. आयपीएलमध्ये मात्र २०२७ पर्यंत तो ठेवायचं ठरलं आहे. देशांतर्गत स्पर्धेत जो नको, तो सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या स्पर्धेत कशाला हवा? २०२७ मध्ये जपानची सेंट्रल लीगही डीएच स्वीकारणार आहे. पिचरने स्वतः बॅट धरावी असा आग्रह धरणाऱ्या मोठ्या लीगमधली ती शेवटची. त्याच वर्षी आपली मुदत संपते. नियम पुढे चालवायचा तर निदान एवढं व्हावं: खरोखर जायबंदी झालेल्या खेळाडूच्या जागीच बदली माणूस यावा, आणि बाकीच्या वेळी अकरांनीच गोलंदाजी, फलंदाजी, क्षेत्ररक्षण सगळं निभवावं.