चौकटी जुळल्या, लय हरवली
कागदावरून पडद्यावर : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण निव्वळ शब्दांच्या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटांविषयी बोललो. तिथे वाचकाची तक्रार ठरलेली असते : ‘माझ्या मनातली नायिका अशी नव्हती.’ ग्राफिक कादंबरीच्या वाचकाला ही तक्रार करायला जागाच नसते. नायकाचा चेहरा, त्याच्या खोलीतला उजेड, खिडकीबाहेरचा रस्ता, सगळं चित्रकाराने आधीच समोर मांडून ठेवलेलं असतं. तेव्हा चित्रपट चित्राबरहुकूम काढला की हा वाचक खूश व्हायला हवा. प्रत्यक्षात तसं होतंच असं नाही. त्यामागचं कारण शोधायचं तर ‘वॉचमेन’ नीट पाहायला हवा.

अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ही कथा डीसी कॉमिक्सने 1986-87मध्ये 12 अंकांत प्रसिद्ध केली. अमेरिका-रशिया अणुयुद्धाच्या सावटाखालचं न्यूयॉर्क, कायद्याने बंदी आणल्यामुळे घरी बसलेले मुखवटाधारी वीर आणि त्यांच्यातल्याच एकाचा खून, असा तिचा आरंभ. तिच्यावर चित्रपट काढायचे प्रयत्न बरीच वर्षं चालले. टेरी गिलियम यांच्यासारख्या दिग्दर्शकानेही शेवटी हात टेकले. अखेर झॅक स्नायडर यांचा चित्रपट मार्च 2009मध्ये पडद्यावर आला. मूर यांनी श्रेयनामावलीत आपलं नाव येऊ दिलं नाही. गिबन्स मात्र चित्रपटाच्या बाजूने उभे राहिले.

स्नायडर यांची पुस्तकावरची निष्ठा वादातीत आहे. पुस्तक शेजारी ठेवून पाहिलं तर कित्येक दृश्यांची रचना थेट चौकटीवरून घेतलेली दिसते. तरी अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारच्या सुट्टीत सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा गल्ला जमवणारा हा चित्रपट पुढच्याच आठवड्यात जवळपास दोन-तृतीयांशाने घसरला. पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांतही दोन तट पडले. एक गट म्हणे, इतका प्रामाणिक चित्रपट दुसरा नाही. दुसरा म्हणे, सगळं जागच्या जागी आहे, पण जीव नाही.

हा जीव कुठे होता, ते पुस्तक उघडलं की कळतं. गिबन्स यांनी बहुतेक पानं नऊ समान चौकटींत बांधली आहेत. घड्याळाच्या टिकटिकीसारखी त्यांची एक संथ लय आहे, पण ते घड्याळ वाचकाच्या हातात असतं. तो एका चौकटीवर पाच मिनिटं थांबतो, मागे जातो, दोन पानं ताडून पाहतो. पाचव्या अंकात तर पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाचं आरशातलं प्रतिबिंब आहे, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्या पानाचं, आणि असं करत दोन्ही बाजू अंकाच्या मधल्या जोडपानावर येऊन मिळतात. हे लक्षात येतं ते पानं उलटीसुलटी करणाऱ्यालाच. थिएटरातल्या प्रेक्षकाच्या हातून नेमकी हीच सत्ता काढून घेतलेली असते.

दुसरं उदाहरण अधिक जिव्हारी लागणारं आहे. न्यूयॉर्कच्या एका नाक्यावर वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे. बडबड्या विक्रेता आणि त्याच्या शेजारी बसून फुकटात चाच्यांचं कॉमिक वाचणारा मुलगा पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटतात. कथेच्या मुख्य रहस्याशी त्यांचा काही संबंध नाही. पण अकराव्या अंकाच्या अखेरीस शहरावर संहार कोसळतो तेव्हा हे दोघं एकमेकांना कवटाळतात आणि चौकट पांढरी होत जाते. बाराव्या अंकाची पहिली सहा पानं म्हणजे सहा पूर्ण पानभर चित्रं : रस्ताभर मृतदेह, आणि संवाद एकही नाही. लाखोंच्या मृत्यूचं दुःख वाचकाला होतं ते या दोन ओळखीच्या माणसांमुळे. थिएटरात आलेल्या 162 मिनिटांच्या आवृत्तीत ही जोडी जेमतेम दिसते. संहार पडद्यावर भव्य होतो, पण आपलं कुणी गेलं असं वाटत नाही.

वाचक सर्वांत मोठ्याने भांडले ते वेगळ्याच गोष्टीवरून. पुस्तकात न्यूयॉर्कवर एक राक्षसी, अष्टपादासारखा प्राणी येऊन कोसळतो. चित्रपटात त्या जागी स्फोट आहेत आणि त्यांचं खापर कथेतल्या अतिमानवी शक्तीच्या वीरावर, डॉक्टर मॅनहॅटनवर, फुटतं. पुस्तक न वाचलेल्यांना हा शेवट खटकण्याचं कारण नव्हतं. 2019च्या एचबीओ मालिकेने मात्र मूळ शेवट प्रमाण मानून कथा पुढे नेली. माझ्या मते हा बदल तुलनेने किरकोळ आहे. नाक्यावरच्या त्या दोघांना कात्री लागली, हे नुकसान त्याहून मोठं आहे.

आता उलट बाजू पाहा. या चित्रपटातला सर्वाधिक वाखाणला गेलेला भाग कोणता? सुरुवातीची श्रेयनामावली. बॉब डिलनच्या गाण्यावर 1940पासूनचा काळ सरकत जातो आणि मुखवटाधारी वीरांची दृश्यं जवळजवळ गोठलेल्या छायाचित्रांसारखी, अतिशय संथपणे हलतात. हा क्रम अशा रूपात पुस्तकात कुठेही नाही. वीरांचा पूर्वेतिहास मूर यांनी आठवणी, कात्रणं आणि पूर्वदृश्यं यांत विखरून ठेवला होता. स्नायडर यांनी तो सिनेमाच्या भाषेत नव्याने रचला, आणि रेंगाळत पाहायची मुभा काही मिनिटांपुरती प्रेक्षकाला परत मिळाली. निष्ठा बाजूला ठेवून दिग्दर्शकाने स्वतःची बुद्धी चालवली, तिथेच तो पुस्तकाच्या सर्वांत जवळ पोचला.

म्हणून ग्राफिक कादंबरीवरचा चित्रपट पाहताना ‘चित्र जुळलं का?’ या प्रश्नावर थांबू नये. वाचताना आपण कुठे रेंगाळलो होतो आणि चित्रपटाने तिथे आपल्याला काय दिलं, हे विचारावं. जमल्यास ‘वॉचमेन’चा पाचवा अंक आधी दोन्ही टोकांकडून वाचा आणि मगच चित्रपट लावा. पुढच्या आठवड्यात मार्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’विषयी. त्या चित्रपटाला 2007मध्ये कान महोत्सवात परीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला आणि 2011मध्ये ट्युनिशियात तो दूरचित्रवाणीवर लागताच लोक रस्त्यावर उतरले.